किती मीटरवरून?

आधी एक कबुली देते. मास्तरांविरुद्ध मी एक पत्रक काढलं होतं. 'कामगार बाई म्हणजे खांब नव्हे!' असा मथळा होता, आणि खाली दोन्ही बाजूंनी सायक्लोस्टाइलच्या शाईने बरबटलेला मजकूर. त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. तरी त्याच माणसाबद्दल चार बऱ्या गोष्टी लिहायला बसले आहे आणि हात अडखळतो आहे, कारण कुणाविषयी बरं लिहायची मला सवय नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा ते नकाशांच्या कचेरीत ट्रेसर होते. मूळ नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि रेघ न् रेघ शाईने उतरवून घ्यायची, हे त्यांचं काम. रायपूरकडचे, तीन पिढ्यांचे मराठी. बुटके, पँट घोट्याच्या वर, आणि खिशात कायम एक सुतळी. सुतळीला एकेका मीटरवर गाठ मारलेली. तेव्हा सगळा बाजार फुटात आणि गजात बोलायचा, पण मास्तरांच्या रशियन कॅमेऱ्याच्या भिंगावर आकडे मीटरचे होते, म्हणून त्यांचं सगळं आयुष्य मीटरमध्ये चाललं होतं. त्यांच्या बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, सांगायच्या, "लग्नात अंतरपाट धरला होता ना, तेव्हाही यांनी मनात मोजून घेतलं असेल."

"तेव्हा कुठे होता कॅमेरा," मास्तर गंभीरपणे म्हणत. "नाहीतर मोजलं असतं."

कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, 'किती मीटरवरून?' एकदा भिलाईतल्याच सुपेल्याच्या बाजारात, चहाच्या टपरीवर एक क्रेनवाला धापा टाकत आला आणि म्हणाला, मरोद्याच्या तळ्यापाशी वाघ पाहिला. सगळे बाकावरून उठले. मास्तरांनी बशी खाली ठेवली.

"किती मीटरवरून?"

"अरे मास्तर, मैं भाग रहा था!"

"म्हणजे पाठ होती. मग तो वाघ धरता येत नाही."

मला या प्रश्नाची चीड यायची. माझे वडील दुर्गला रेल्वेत पॉइंट्समन. आम्ही वर्ध्याकडून आलेले, बौद्ध. मी मॅट्रिक होऊन टायपिंग शिकले आणि संघटनेच्या खोलीत स्टेन्सिल कापायला लागले. माझ्या पत्रकात 'हजारो' असायचे, 'पिळवणूक' असायची, 'आम्ही विचारू इच्छितो' असायचं. मास्तर माझं पत्रक शेवटपर्यंत वाचत, अगदी मुद्रकाच्या ओळीपर्यंत, आणि मग विचारत, "पत्रकबाई, हे जे हजारो आहेत, ते तुम्ही किती मीटरवरून पाहिले?"

आमची ओळखच भांडणातून झाली. टपरीची एक बाजूची भिंत विटांची होती, चुना मारलेली, वर पत्रा आलेला, त्यामुळे पावसातही कोरडी. माझ्या पत्रकांना हवी तशी जागा. पण दर शनिवारी तिथे आधीच एक कागद लागलेला असायचा. ट्रेसिंगच्या कागदावर काळ्या शाईत, छापल्यासारख्या अक्षरात. नाव 'दोन खिडक्या'. जुन्या धाटणीचा, अंतर मोजून फोटो काढणारा कॅमेरा ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी ते मास्तरांचं साप्ताहिक होतं. प्रत एक, संपादक एक, आणि वाचक धरून-पकडून सात-आठ. रशियन इंजिनिअर मुदत संपून घरी निघाले की आपले कॅमेरे सुपेल्यात विकून जात, आणि कारखान्यातला एखादा फिटर, एखादा कंपाउंडर ते घेऊन बसत. घेतल्यावर कळायचं की चालवता येत नाही. मग मास्तर.

त्यातल्या बातम्या अशा असत: 'सेक्टरमधील एक पाहुणे मायदेशी निघाले. कॅमेरा चांगला, परंतु पडद्यास टाचणीएवढे भोक. घेणाऱ्याने उजेडाकडे धरून पाहावे.' 'दमट हवा. भिंगास बुरशी. कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवू नये, किडे जातात.' 'वर्ग रविवारी साडेसात वाजता. फिल्म आणू नये.' त्या आठवड्यात वरून लोखंडी कांब पडून एका मजुराचा पाय गेला होता. सगळं सुपेला तेच बोलत होतं. 'दोन खिडक्या'त तेलाच्या एका थेंबाबद्दल सहा ओळी होत्या.

मी माझं पत्रक त्यावरच चिकटवलं. खळ भरपूर लावली.

दुसऱ्या दिवशी मास्तर माझं पत्रक अखंड सोडवून, सुकवून, गुंडाळी करून संघटनेच्या खोलीवर घेऊन आले. ओरडतील म्हणून मी कंबर कसून उभी होते. ते म्हणाले, "भिंत तीन मीटर दहा सेंटिमीटर आहे. मध्ये रेघ मारली आहे. डावी बाजू तुमची. तुमची दहा सेंटिमीटर जास्त, कारण तुमची अक्षरं मोठी असतात."

त्या दिवसापासून डावीकडे मी आणि उजवीकडे ते. तीन वर्षं आम्ही त्या भिंतीवर शेजारी राहिलो.

वर्ग भरायचा तो कामाच्या जागेवर, मुरमाच्या एका टेकाडावर. समोर दुसरी चिमणी चढत होती. खाली रेजा, म्हणजे डोक्यावरून गिट्टी-मुरूम वाहणाऱ्या छत्तीसगढी बाया, पाणी प्यायला थांबायच्या. टेकाडाच्या अलीकडेच पाटी होती, विनापरवाना फोटो काढण्यास मनाई. पण वर्गातल्या कुणाच्या कॅमेऱ्यात फिल्मच नसायची. नवा माणूस आला की पहिले तीन महिने रिकामा कॅमेरा. नुसतं अंतर धरायचं आणि खटका दाबायचा. "हात शिकू दे," मास्तर म्हणत, "फिल्म काय, नंतर भरता येते."

त्या कॅमेऱ्याला पाठीमागे दोन खिडक्या. एकीतून पाहिलं की एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, एक ठळक आणि एक पिवळट, फिकी. भिंगाभोवतीची चकती फिरवत जायची. पिवळी सरकत सरकत ठळकवर बसली की अंतर जुळलं. मग दुसरी खिडकी, तिच्यातून चौकट पाहायची. दोन्ही खिडक्यांतून दिसतं ते भिंगातून आलेलं नसतं. भिंग आपलं खाली वेगळं, त्याला काय दिसतं ते त्यालाच ठाऊक. हे नीट लक्षात ठेवा, पुढे माझं नाक याच गोष्टीने कापलं.

अंतर जुळवायला बारीक खूण लागते. भिंत चालत नाही, आकाश चालत नाही. मास्तरांनी खूण शोधली होती ती सुकवारोच्या हनुवटीवर. सुकवारो ही त्या रेजांपैकी एक, तिच्या हनुवटीवर गोंदणाचा ठिपका. पाणी पिऊन झालं की मास्तर तिला गालाशी सुतळीचं टोक धरायला सांगत, तिसऱ्या गाठीवर स्वतः उभे राहत आणि सगळा वर्ग ओळीने तिच्या हनुवटीवर कॅमेरा रोखत असे. ती हसायची. हसली की ठिपका हलायचा. "सुकवारो, हलू नको," की ती आणखी हसायची.

हे मी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. बाई पहाटेपासून डोक्यावर दगड वाहते आहे, तिच्या गावच्या जमिनीवर हा कारखाना उभा राहतो आहे, आणि हे पांढरपेशे तिला मोजपट्टीचा खांब करून उभे आहेत! दुसऱ्या दिवशी पत्रक लागलं. डावीकडे, माझ्या बाजूला.

संध्याकाळी टपरीवर मास्तर ते वाचत उभे होते. मी मुद्दाम जवळ गेले.

"वाचलं?"

"वाचलं. एक चूक आहे."

"कोणती? सांगा ना. आमाले पण कळू द्या."

"खांब हलत नाही. सुकवारो हलते. खांब असता तर काम सोपं होतं."

"मास्तर, तुमाले खरंच काही वाटत नाही का? तिचं नाव तरी कधी लिहिलं तुम्ही तुमच्या त्या कागदावर?"

त्यांनी माझं पत्रक पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. पुढल्या शनिवारी 'दोन खिडक्या'त पहिलीच बातमी: 'डाव्या बाजूची टीका रास्त आहे. यापुढे फिल्मच्या डब्यावर अंतरासोबत नावही लिहिले जाईल. प्रत्येकीस एक प्रत देण्यात येईल.' खाली नेहमीप्रमाणे: 'वर्ग रविवारी. फिल्म आणू नये.'

म्हणजे एकच कॅमेरा भरलेला असायचा, मास्तरांचा. आणि ते दर रविवारी दोनच फोटो काढत. पहिला जवळचा, तीन मीटरवर, त्या दिवशी जी रेजा मोकळी असेल तिचा चेहरा. दुसरा लगेच पुढचा, चकती शेवटपर्यंत फिरवून, लांबच्या चिमणीचा. "यंत्र जवळ खरं बोलतं की लांब, ते दोन्हीकडे तपासावं लागतं," ते म्हणत. एका फिल्मला अठरा रविवार लागत. बाकीचे लोक धुतलेली फिल्म सहा-सहा फोटोंची कापून ठेवतात. मास्तर कापत नसत. अख्खी फिल्म गुंडाळून दंतमंजनाच्या डब्यात ठेवत. का म्हणून विचारलं तर म्हणत, "कापली की क्रम गेला."

मी वर्गाला जायला लागले ते त्यांचं पितळ उघडं पाडायला. लिहून ठेवते, म्हणजे कुणी मागाहून म्हणायला नको की मी भाळले. क्रेनवाल्याचा जुना कॅमेरा मागून घेतला आणि रिकाम्या खटक्या मारायला शिकले. मास्तरांची शिस्त एकच, पण कडक: भिंगावरची पत्र्याची टोपी कायम लावलेली हवी. या कॅमेऱ्यांचा आतला पडदा कापडी असतो, भिलाईचं ऊन भिंगातून आत गेलं की पडद्याला भोक पडतं. "टोपी!" ते ओरडत. मी त्यांना आवाज चढवताना ऐकलं ते एवढ्यासाठीच. रिकाम्या कॅमेऱ्याला टोपी काढायची गरजच नाही. खिडकीतून सगळं दिसतंच.

त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तोही किस्सा सांगते. फिल्म धुण्याची जागा म्हणजे त्यांच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर. दुपारी दोनला ड्यूटी सुटली की काकूंचा स्टोव्ह व्हरांड्यात जायचा, खिडकीला घोंगडी, दाराच्या फटीत काकूंची जुनी लुगडी. मी दारात थांबले. आम्ही कोण ते त्यांना माहीत होतं, मी आल्या आल्या 'जयभीम' घातला होता. अशा घरांत आम्हाला बाहेरच्या खोलीच्या पुढे कुणी बोलवत नसे, आणि स्वयंपाकघराचं तर नावच नको. मी मनात भाषण तयार करत होते.

"आत या, आत या! उजेड येतोय!" मास्तरांनी मला दंडाला धरून थेट चुलीपाशी ओढलं आणि दार लावून घेतलं.

माझं भाषण वाया गेलं. पुढे मी एकदा विचारलंसुद्धा, मास्तर, हे तुम्ही तत्त्व म्हणून केलं का? त्यांना प्रश्नच कळला नाही. "दार उघडं होतं ना," ते म्हणाले. काकूंना मात्र कळला. त्या व्हरांड्यातून म्हणाल्या, "चपला तेवढ्या बाहेर काढत जा गं. बाकी आमच्याकडे बाटायला काही उरलंच नाही, सगळ्या भांड्यांत यांचं फिल्मचं औषध."

आता मुख्य गोष्ट.

चिमणी पूर्ण झाली आणि पावसाळाही संपला. तेव्हा फर्मान निघालं की गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून जे मजूर कामाच्या जागेवर होते, त्यांची नावं कायम कामासाठी घ्यायची. ठेकेदारांनी सोमवारी कारखान्याच्या साहेबांना हजेरीपट दाखवावेत. आमच्या टेकाडाखालच्या ठेकेदाराच्या हजेरीपटात पुरुषांची नावं होती, बायांची नव्हती. सुकवारो धरून सहा जणी. त्याचा मुनशी, म्हणजे हजेरी लिहिणारा कारकून, म्हणाला, "ये औरतें तो अभी आई हैं, परसों-नरसों." सोमवारपासून त्यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. कामावर नाही म्हणजे कॅम्पातली झोपडीही नाही.

सुकवारो संघटनेच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली. "मोर गाँव मं तो अब कारखाना हे, नोनी. मैं कहाँ लहुट के जाहूँ?"

माझं गाव कारखान्याखाली गेलं, पोरी, मी परत कुठे जाऊ. मी उभी राहून मोठ्याने बोलले. शनिवारचा एक दिवस हातात होता. बाया शेवटच्या कामावर होत्या, मुनशी त्यांना नावाने हाका मारून कामं सांगत होता. मी ठरवलं, याचेच फोटो काढायचे. नुकत्या आलेल्या बायांची नावं मुनशीला कशी ठाऊक? पायाच्या खड्ड्यात त्या कशा सरावाने उतरतात? फोटो बोलतील!

मास्तरांकडे कॅमेरा मागितला. त्यांनी सुतळीची एक गाठ बोटांनी चाचपली. "तुमचे तीन महिने झाले नाहीत."

"सोमवारी बाया रस्त्यावर येतील अन् तुमी महिने मोजून राहिले?"

त्यांनी नवी फिल्म भरून आपला कॅमेरा माझ्या गळ्यात घातला.

त्या दिवशीची मी तुम्हाला शपथेवर सांगते: इतकं स्वच्छ मी आयुष्यात पाहिलं नाही. पिवळी प्रतिमा ठळकवर बसत होती, एकदा, दोनदा, प्रत्येक वेळी. मुनशी हात वर करून ओरडताना. सुकवारो घमेलं उचलताना, हनुवटीवरचा ठिपका अचूक एकात एक. मुनशीच्या माणसाने मला दोनदा हाकललं, मी दोनदा परत आले. छत्तीसच्या छत्तीस खटके. तिथून मी सरळ खोलीवर आले आणि स्टेन्सिल कापलं. 'आमच्याकडे पुरावा आहे! छायाचित्रं! सोमवारी साहेबांसमोर ठेवू!' रविवारी सकाळी डावीकडची भिंत भरली. मुनशीनेही येऊन वाचलं म्हणे.

रविवारी दुपारी मास्तरांच्या स्वयंपाकघरात फिल्म धुतली. मास्तरांनी ती पाण्यातून काढली, घोंगडी बाजूला केली, उजेडाकडे धरली.

काचेसारखी. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी.

मला वाटलं औषध बिघडलं. तसं मी बोललेही. मास्तरांनी ओट्यावरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. टोपी जिथल्या तिथे होती. मी दिवसभर पत्र्याच्या टोपीचे फोटो काढत होते.

मी रडले. लिहायला लाज वाटते, पण रडले. काकूंनी व्हरांड्यातून चहा आणून ठेवला आणि दार लावलं नाही.

मास्तर पाटावर बसले. "चूक तुमची नाही," ते म्हणाले. "पद्धतीची आहे. मी टोपी घालायला शिकवलं. काढायला शिकवलंच नाही. आठवड्यांमागून आठवडे टोपी ठेवून खटका मारला तर बोटाला तेच खरं वाटणार."

"पद्धत गेली खड्ड्यात! मी उद्या साहेबासमोर काय ठेवू? भिंतीवर लिहून बसले मी, पुरावा आहे म्हणून!"

"कशाचा पुरावा हवा आहे?"

"ह्या बाया पावसाळ्याच्या आधी इथे होत्या याचा! किती वेळा सांगू?"

मास्तर उठले आणि फळीवरून दंतमंजनाचे दोन डबे काढले. झाकणावर त्यांच्या छापील अक्षरात: 'सुकवारो, मंगतीन, केजा.' खाली 'तीन मीटर'. मी इतके दिवस ते डबे पाहत होते. खांब म्हणून ज्यांच्यावर मी पत्रक काढलं त्याच बाया त्यात होत्या, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"पण मास्तर," मी डोळे पुसले, "तिथे तर फोटोला मनाई आहे. तुमाले विचारतील."

"विचारतील," मास्तर म्हणाले, आणि औषधाच्या बाटल्यांना बुचं लावायला लागले.

सोमवारी साहेबांच्या खोलीत आम्ही उभे होतो: सहा बाया, मुनशी, मी आणि मास्तर. साहेब बाहेरून आलेले, मोजकं बोलणारे. मुनशीने माझं पत्रकच टेबलावर ठेवलं. "साहब, मैडम कहती हैं फोटो है. दिखाएँ."

सुकवारोने कनवटीतून आपल्याला मिळालेली प्रत काढली. चेहरा स्वच्छ, ठिपका स्वच्छ, मागचं सगळं धुकं. मुनशी हसला. "ये तो कहीं का भी फोटो है साहब. मेले में भी खिंचवा लेते हैं."

खरं होतं. जवळचं धरलं की लांबचं पुसट होतं. मी तोंड उघडलं, पण मास्तरांनी डबा टेबलावर ठेवला आणि फिल्म उलगडली. गुंडाळी टेबलावरून खाली लोंबली. त्यांनी साहेबांना नकाशे पाहायचं भिंग दिलं आणि खिडकीपाशी नेलं.

"एक आड एक आहे," ते म्हणाले. "चेहरा, मग त्याच मिनिटाची चिमणी. चेहरा, चिमणी. कापलेली नाही. हात लावून पाहा, जोड नाही."

साहेब एक एक चौकट पाहत गेले. मुनशीही मागून डोकावला. "निगेटिव में तो सब भूत दिखते हैं," तो पुटपुटला, पण आवाज खाली गेला होता. कारण भुतं असली तरी चिमणी मात्र चौकटीगणिक वाढत होती. कमरेएवढी, मग अर्धी, परांची बांधलेली, मग त्याच्या वर. आणि अर्ध्या चिमणीच्या आधीच्या चौकटीत सुकवारो हसत होती. हनुवटीवरचा काळा ठिपका उलटा पडून पांढरा दिसत होता, ताऱ्यासारखा. चिमणी अर्धी होती तेव्हा पावसाळा लांब होता, हे त्या खोलीत सगळ्यांना पाठ होतं.

पाच जणी सापडल्या. सहावी कधी कॅमेऱ्यासमोर यायचीच नाही, लाजायची. तिचा एका चौकटीत फक्त हात होता, सुकवारोच्या खांद्यावर. साहेबांनी तिला जवळ बोलावलं, मनगटावरचं गोंदण पाहिलं, परत भिंगातून पाहिलं, आणि सहावं नाव लिहिलं.

मग लेखणी खाली ठेवून ते मास्तरांकडे वळले. "आप ड्रॉइंग ऑफिस में हैं न? फोटो लेने का परमिट है?"

"नाही."

"बोर्ड नहीं देखा?"

"पाहिला," मास्तर म्हणाले. "त्याची अक्षरं मीच आखून दिली आहेत."

साहेब हसले नाहीत. मास्तरही विनोद करत नव्हते. त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढला, भिंगावर टोपी आहे ना ते बोटाने चाचपून पाहिलं, आणि टेबलावर दोन्ही डब्यांशेजारी ठेवला. मला काही तरी बोलायचं होतं, पिळवणुकीबद्दल, मनाईबद्दल. माझ्याकडे मजकूर पुष्कळ होता. पण मी एक मीटरवर उभी होते आणि त्यांच्या गळ्याभोवती पट्ट्याचा पांढरा वळ दिसत होता, वर्षानुवर्षं ऊन न लागलेला.

कॅमेरा परत मिळाला नाही. मास्तरांना ताकीद मिळाली, आणि काही महिन्यांनी नकाशांच्या कचेरीतून भांडारात बदली. यावर मी पत्रक काढणार होते, मथळाही तयार होता. ते नको म्हणाले. "तुमची बाजू भरलेली आहे. आधी बायांचे कामाचे पास होऊ द्या." आता ते रायपूरला परत गेले आहेत आणि भिंतीची उजवी बाजू कोरी आहे. मी तिथे अजून काही चिकटवलेलं नाही.

त्या सोमवारनंतरच्या शनिवारी मात्र 'दोन खिडक्या' वेळेवर लागलं होतं. 'वर्गाची जागा बदलली आहे. पाटीच्या अलीकडे, वीस मीटर. पद्धतीत सुधारणा: डोळा खिडकीला लावण्याआधी बोट भिंगाला लावावे. संपादकाकडे कॅमेरा नाही. सुतळी आहे.'

त्या रविवारी मी गेले. सहाही बाया आल्या होत्या, धुतलेली लुगडी नेसून. पासाला फोटो लागत होते, आणि मास्तरांनी मला सांगितलं, तुम्ही काढायचे. क्रेनवाल्याने फिल्म भरून कॅमेरा दिला. सुकवारो पाटीच्या अलीकडे उभी राहिली, पदर डोक्यावर. मास्तरांनी सुतळीचं टोक तिच्या हातात दिलं. तिने न सांगता ते गालाशी धरलं. मी तिसऱ्या गाठीवर उभी राहिले.

चकती फिरवली. पिवळा ठिपका सरकला, काळ्यावर बसला. सुकवारो हसत नव्हती. पासाचा फोटो होता, हलायचं नव्हतं. मास्तर माझ्या शेजारी हात मागे बांधून उभे होते आणि ओठ घट्ट मिटून होते.

मी खटक्यावर बोट ठेवलं.

"नोनी," सुकवारो ओठ न हलवता म्हणाली, "टोपी ला तो देख ले."

मी भिंगाला बोट लावलं. टोपी होती.